पोर्तुगालच्या जत्रेंतील खाणेंपिणें

पोर्तुगीज भाषेंत आठवड्याच्या वारांचीं नांवें मोठीं चमत्कारिक आहेत. आपल्याकडे रवि, सोम, मंगळ असे ग्रह वारांना नांवें देतात. पश्चिम युरोपांतील बहुतेक भाषांतहि ग्रहांचीं अथवा जुन्या देवतांचींच नांवें वारांना आहेत. पोर्तुगीज माणूस मात्र सोमवारास ‘सेगुंदा-फेइरा’ म्हणजे दुसरी फेइरा म्हणतो, मंगळवारास तिसरी फेइरा म्हणतो, आणि अशा रीतीनें शुक्रवारीं सहाव्या फेइरेपर्यंत येऊन थांबतो. शनिवार व रविवार यांना निराळीं नांवें आहेत. सहाव्या शतकांत ब्रागा येथें मार्तिन्यो नांवाचे एक बिशप होऊन गेले. जुन्या देवतांचीं नांवें ख्रिस्ती माणसाच्या तोंडीं नसावीं असा त्यांचा आग्रह होता, आणि वारांची ही मोजणी त्या आग्रहाचेंच फळ होय असें मानतात. ‘फेइरा’ या शब्दाच्या मुळाशीं जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ सणाचा किंवा विश्रांतीचा दिवस. सणाच्या दिवशीं चर्चपुढें माणसें जमत. माणसें जमलीं कीं देवघेव सुरू होई. आणि म्हणून त्याच शब्दाला बाजार, जत्रा हा दुसरा अर्थ चिकटला. आपल्या जत्रांची कुळकथाहि यापेक्षां फारशी निराळी नाहीं.

आज मी आपणांस अशाच एका फेइरेंत नेणार आहें, आणि तेथें काय खावें, काय प्यावें व काय विचारून घ्यावें हें सांगणार आहें. प्रवासवर्णनांत खाण्यापिण्याला बहुधा शेवटचें पान मिळतें. परंतु ज्याचें आयुष्य शाळेंत भूगोल शिकविण्यांत गेलें त्याला तें पहिलें पान वाटतें. एखाद्या तालुक्याची माती कोणती, पाऊस किती, कष्ट कोणाचे, हें समजून घ्यावयाचें असेल तर नकाशा उघडण्यापूर्वीं तेथील आठवड्याचा बाजार पाहावा, असें मी मुलांना सांगत असें. पोर्तुगालच्या जत्रेलाहि हाच नियम लागू आहे.

या जत्रांचा इतिहास मोठा आहे. उत्तर पोर्तुगालांतील पोंते द लिमा या गांवाला राणी तेरेझा हिनें इ. स. ११२५ मध्यें जी सनद दिली, तींत तेथील जत्रेचा उल्लेख असून जत्रेस येणार्‍याजाणार्‍यांना संरक्षण दिलेलें आहे. पोर्तुगालचें स्वतंत्र राज्य त्या वेळीं अजून जन्मास यावयाचें होतें. म्हणजे जत्रा राज्याहून वडील! पुढें राजा दिनीश याच्या कारकीर्दींत, म्हणजे १२७९ ते १३२५ या काळांत, अशा सनदा अनेक गांवांना मिळाल्या. कांहीं जत्रांना जकात माफ असे. राजाचा हेतु साधा होता. ओसाड मुलुखांत वस्ती वाढावी, आणि डोंगरांतला माल मैदानांत व मैदानांतला डोंगरांत जावा. हा दुसरा हेतु श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. जत्रेंतील ताटाचा उलगडा त्यानेंच होतो.

लिस्बनच्या ईशान्येस सुमारें शंभर-सव्वाशें किलोमीटरवर, तेजो नदीच्या सुपीक मैदानांत, गोलेगां नांवाचें लहानसें गांव आहे. या मुलुखाला रिबातेजो म्हणतात. गोलेगां येथील सांव मार्तिन्योची जत्रा राजा सेबास्तियांव याच्या वेळीं, १५७१ मध्यें सुरू झाली असें सांगतात. मुळांत शेतमालाची असलेली ही जत्रा पुढें घोड्यांसाठीं नांवाजली, आणि १९७२ पासून तिला राष्ट्रीय अश्व-जत्रा असें नांव मिळालें. लुसितानो जातीचे उमदे घोडे आणि आंखूड कोट व रुंद कांठाची टोपी घातलेले स्वार पाहावयास दूरदूरचे लोक येतात. आपण मात्र घोडे त्यांच्यावर सोंपवून जिकडून धूर येत आहे तिकडे जाऊं.

जत्रेचा मुख्य दिवस ११ नोव्हेंबर, म्हणजे सांव मार्तिन्योचा सण. हा मार्तिन्यो मघांच्या ब्रागाचा नव्हे. हा चौथ्या शतकांतील, फ्रान्समधील तूर शहराचा बिशप. तरुणपणीं तो रोमन सैन्यांत होता. थंडींत कुडकुडणारा एक भिकारी पाहून त्यानें तरवारीनें आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. पोर्तुगीज लोक या कथेला पुस्ती जोडतात ती अशी, कीं त्या क्षणीं पाऊस थांबून ऊन पडलें. म्हणून नोव्हेंबरांत जी चार दिवस उघडीप पडते, तिला ते सांव मार्तिन्योचा उन्हाळा म्हणतात. कथेचें कांहींहि असो, शेतकर्‍याच्या हिशेबानें ही तारीख अचूक आहे. द्राक्षांची तोड आटोपलेली असते, नवी वाईन पिंपांत निवळूं लागलेली असते, डोंगरांत चेस्टनटचीं फळें गळून गोळा झालेलीं असतात, आणि डुक्कर मारण्याचा हंगाम तोंडावर आलेला असतो. वर्षाचें काम हातावेगळें झाल्यावर मनुष्य जें खातो, तें या जत्रेंत मिळतें.

तो धूर आहे तो चेस्टनट भाजणारांचा. पोर्तुगीज भाषेंत या फळास ‘कास्तान्या’ म्हणतात. तपकिरी, गुळगुळीत सालीच्या या फळाला आधीं सुरीनें एक चीर पाडतात. ती न पाडल्यास आंतील वाफेनें तें फुटून अंगावर उडेल. मग जाडें मीठ टाकून, बुडाला भोंकें असलेल्या मातीच्या मडक्यांत तें निखार्‍यांवर भाजतात. मिठामुळें साल राखेसारखी पांढुरकी होते. डझनाच्या मापानें, कागदाच्या पुडींतून, हात पोळतील अशा स्थितींत तीं तुमच्या हातीं पडतात. चव सांगावयाची तर भाजलेलें रताळें आणि शिंगाडा यांच्या मधली. बटाटा अमेरिकेंतून येऊन रुळण्यापूर्वीं उत्तरेकडील डोंगराळ भागांत गरिबांचें पोट याच फळावर भरत असे. तें वाळवून वर्षभर ठेवीत आणि त्याचें सूपहि करीत. आज जें गमतीनें खाल्लें जातें तें एके काळीं धान्य होतें, ही गोष्ट खातांना आठवावी.

आतां पिण्याकडे वळूं. मद्यपानाची शिफारस करण्यासाठीं मी येथें बसलों नाहीं; परंतु या जत्रेंतील पेयांची माहिती दिल्यावांचून विषय पुरा होत नाहीं, आणि ज्यांना तीं घ्यावयाचीं नाहींत त्यांनाहि तीं ओळखतां आलीं पाहिजेत. पहिलें पेय म्हणजे नवी वाईन. सांव मार्तिन्योच्या दिवशीं तळघरांत जाऊन पिंप उघडावें आणि वर्षाच्या मेहनतीची पारख करावी, अशी तिकडे रीत आहे. दुसरें ‘आग्वा-पे’, म्हणजे शब्दशः पायाचें पाणी. द्राक्षें पायांनीं तुडवून रस काढल्यावर जो चोथा राहतो, त्यांत पाणी घालून हें सौम्य पेय करतात. मालकाला वाईन आणि मजुराला आग्वा-पे, अशी पूर्वींची वाटणी होती. तें फार दिवस टिकत नाहीं. म्हणून ज्या दिवसांत होतें त्याच दिवसांत प्यावें लागतें. तिसरें ‘जेरोपीगा’. द्राक्षांचा गोड रस आंबून त्यांतील साखरेचें मद्य होण्यापूर्वींच त्यांत कडक दारू मिसळतात, म्हणजे आंबणें थांबतें आणि गोडी तशीच राहते. येथें नवख्यानें सावध असावें. जेरोपीगा सरबतासारखी लागते, पण ती साध्या वाईनहून बरीच कडक असते. पिकलेलीं द्राक्षें, त्यांचा चोथा आणि अर्धवट आंबलेला रस, या तिहींतलें कांहींहि त्या शेतकर्‍यानें फुकट घालविलेलें नाहीं, हें यांत पाहण्यासारखें आहे.

न पिणारानें ओशाळण्याचें कारण नाहीं. कॉफी सर्वत्र मिळते व ती चांगली असते. चहाहि मिळतो. पश्चिम युरोपांतील बहुतेक भाषा ‘टी’, ‘ते’ असे शब्द वापरतात. पोर्तुगीज मात्र ‘शा’ म्हणतात. त्यांचा ‘शा’ आणि आपला ‘चहा’ हे दोन्ही शब्द एकाच चिनी शब्दापासून निघालेले आहेत.

येथें एक शंका कोणीहि काढील. गोलेगां तर नदीकांठचें मैदान, चेस्टनट डोंगरांतला. मग हें खाणें स्थानिक कसें? शंका रास्त आहे, आणि उत्तर दिनीश राजाच्या त्या हेतूंत आहे. जत्रा म्हणजे एका गांवाचें परसू नव्हे; शेजारशेजारच्या मुलुखांनीं ठरल्या दिवशीं एकमेकांना भेटावयाची ती जागा आहे. मार्व्हांवच्या किंवा उत्तरेकडील त्राझ-उझ-मोंतिशच्या डोंगरांतून चेस्टनट उतरतो. मैदान त्याला वाईन आणि ऑलिव्हचें तेल पुढें करतें. रिबातेजोंतच रिओ मायोर येथें समुद्रापासून दूर, आंत जमिनीवर मिठागरें आहेत. तेथील विहिरीचें पाणी समुद्राहून सुमारें सातपट खारट असतें, आणि ११७७ च्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख सांपडतो. डोंगरचें फळ, विहिरीचें मीठ आणि मैदानाची द्राक्षें एका पुडींत व एका पेल्यांत एकत्र आणणें हेंच जत्रेचें काम. स्थानिक या शब्दाचा खरा अर्थ येथें मैलांनीं मोजावयाचा नसून, कोणी पिकविलें व कोणत्या हंगामांत आणलें यानें मोजावयाचा आहे.

पाव हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. पण जत्रेंतला पाव पाहून आपल्याकडील माणूस गोंधळेल. उत्तर व मध्य पोर्तुगालांत ‘ब्रोआ’ नांवाची जाड सालीची, जड, मक्याच्या पिठाची भाकर होते. तींत राय किंवा गव्हाचें पीठ मिसळतात. मका हा अमेरिकेंतून सोळाव्या शतकांत तिकडे गेला आणि गरिबाच्या चुलीवर स्थिर झाला. ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला ब्रोआचें मोल सांगावें लागत नाहीं. तिच्याबरोबर ‘काल्दो व्हेर्दे’, म्हणजे हिरवें सूप घ्यावें. बटाटे उकडून घोटलेलें पाणी, त्यांत केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानकोबी, वर ऑलिव्हचें तेल. रिबातेजोंतील आल्मेइरिं गांवाचें ‘दगडाचें सूप’ याहून दाट असतें. एका भुकेल्या साधूनें दगडाचें सूप करून दाखवितों म्हणून पातेलें मागितलें, आणि मग थोडें मीठ, थोडा घेवडा, थोडें मांस असें एकेक मागत शेवटीं खरेंच सूप केलें, अशी त्याची गोष्ट आहे. त्यांत राजम्यासारखा घेवडा, बटाटा, डुकराचें मांस आणि चक्क कोथिंबीर असते. युरोपांत एरवीं दुर्मिळ असलेली कोथिंबीर पोर्तुगालांत, विशेषतः दक्षिण भागांत, सढळ हातानें वापरतात.

डुकराचें मांस हा या जत्रेचा मुख्य आहार आहे. ‘बिफाना’ म्हणजे लसूण व वाईन यांत मुरविलेले मांसाचे पातळ काप घातलेला पाव ठिकठिकाणीं विकतात. ‘शोरिसो’ नांवाचें धुरावलेलें सॉसेज निखार्‍यांवर भाजतात. गोव्यांतलें चोरीस आणि विंदालू हीं यांचींच नातलग. आपल्यापैकीं अनेकांना हें पाहूनच शिसारी येईल. पण तिरस्कार करण्यापूर्वीं त्यामागील संसार पाहावा. गोलेगां तालुक्यांतील आझिन्यागा या खेड्यांत १९२२ मध्यें जुझे सारामागो यांचा जन्म झाला. १९९८ मध्यें त्यांना साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां त्या व्याख्यानांत त्यांनीं आपल्या आजीआजोबांची आठवण सांगितली. दोघेंहि निरक्षर. डुकराचीं पिलें वाढवून शेजार्‍यांना विकणें हीच त्यांची उपजीविका. कडाक्याच्या थंडींत अशक्त पिलें मरूं नयेत म्हणून हीं दोघें तीं आपल्या अंथरुणांत घेऊन निजत. पिलूं मेलें तर वर्षाचें मीठमिरचीचें गणित चुकलें, अशी ती गरिबी होती. गाईम्हशींवर ज्यांचा प्रपंच चालतो त्या आपल्या शेतकर्‍यांना हें दुःख निराळें समजावून द्यावें लागणार नाहीं.

मग मांस न खाणारानें जत्रेंत काय करावें? उपाशी राहावें लागत नाहीं. मात्र विचारण्याची लाज धरूं नये. ‘सें कार्न’ म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करावे. पण तेवढ्यावर विसंबूं नये. शोरिसोचा एखादा काप सुपांत असला तर तो चवीपुरता आहे, तें कांहीं मांस नव्हे, असें तेथील बाईला प्रामाणिकपणें वाटूं शकतें. म्हणून शोरिसो आहे काय, डुकराची चरबी आहे काय, असें नांव घेऊन विचारावें. चेस्टनट, ब्रोआ, ऑलिव्ह, सुके अंजीर, बदाम हे निर्धास्त खावे. ‘त्रेमोसो’ नांवाचे पिवळे चपटे दाणे तर आपल्या कडव्या वालांचे चुलतभाऊच. ते मुळांत कडू असतात. उकडून, अनेक दिवस पाणी बदलीत भिजवून त्यांचा कडूपणा काढतात, मग मिठाच्या पाण्यांत ठेवतात. सालीचें टोक दांतानें फोडून दाणा तोंडांत उडवावयाचा असतो. बिरड्याचे वाल सोलण्यांत ज्यांचीं बोटें झिजलीं त्या गृहिणींना हें एकदां पाहूनच साधेल.

चीजविषयीं एक विशेष गोष्ट सांगतों. युरोपांतील बरेंचसें चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरांतील द्रव्यानें दूध नासवून करतात. त्यामुळें कट्टर शाकाहारी मनुष्य तें टाळतो. परंतु सेर्रा दा एस्त्रेला या पर्वतांतील नामांकित चीज मेंढीच्या दुधांत ‘कार्दो’ या कांटेरी झाडाचीं सुकविलेलीं फुलें भिजवून त्यांचा अर्क घालून करतात. प्राण्याचें कांहीं त्यांत लागत नाहीं. सर्वच चीज असें नसतें; तेव्हां येथेंहि विचारावें.

गोडाचीहि तीच कथा. तेथील बरीच पक्वान्नें जोगिणींच्या मठांत जन्मलीं. अंड्याचा पांढरा भाग वस्त्रांना खळ देण्यास व वाईन निवळण्यास जाई. उरलेल्या बलकांत साखर घालून जोगिणी मिठाया करीत, असें सांगतात. १८३४ मध्यें धार्मिक संघ बंद करण्याचा कायदा झाला. जोग्यांचे मठ तात्काळ मोडले, जोगिणींचे शेवटची जोगीण जाईपर्यंत कसेबसे चालले. आणि त्या पाककृती भिंतीबाहेर पडून गांवोगांव पसरल्या. यांतील कांहींत डुकराची चरबीहि पडते, म्हणून गोड आहे एवढ्यावर भरंवसा ठेवूं नये. जत्रेचें खास गोड मात्र ‘फार्तुरा’. सोर्‍यासारख्या मोठ्या यंत्रांतून पीठ कढत तेलांत वेटोळ्यानें सोडतात, तळून कापतात आणि वर साखर व दालचिनी भुरभुरतात. या शब्दाचा अर्थच सुबत्ता असा आहे. दालचिनीसाठीं पोर्तुगीजांनीं सिंहलद्वीपांत केवढीं युद्धें केलीं तें इतिहासांत आहे. आज ती जत्रेंतल्या पोरांच्या गालांना लागलेली दिसते.

या देवघेवीची दुसरी बाजू आपल्या घरांत आहे. बटाटा, मिरची, काजू, अननस, पपई हीं सारीं अमेरिकेचीं. तीं आपल्याकडे पोंचलीं तीं मुख्यतः पोर्तुगीज गलबतांतून. गोव्यांतील त्यांची सत्ता १९६१ मध्यें संपली. तिच्यांतील जुलूम विसरण्याचें कारण नाहीं. पण गोव्यांत पावसाळ्यापूर्वीं भरणारें ‘पुरुमेंताचें फेस्त’ अजून आहे. पुरुमेंत हा शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’ म्हणजे बेगमी यावरून आला. सुकी मासळी, मिरच्या, सोलें, कांदे यांची चार महिन्यांची तरतूद तेथें करतात. नांव पोर्तुगीज, गरज मात्र कोंकणच्या पावसाची. जत्रेला हंगाम घडवितो, हा नियम दोन्ही देशांत एकच.

शेवटीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. उपाहारगृहांत बसल्यावर न मागतां पाव, ऑलिव्ह, चीज पुढें ठेवतात. तें आतिथ्य आहे खरें, पण फुकट नाहीं. खाल्ल्यास त्याचे पैसे पडतात. नको असल्यास हात न लावतां परत द्यावें; त्यांत कोणी वाईट मानीत नाहीं. आणि खरेदी करावयाची तर ज्यानें पिकविलें वा केलें त्याच्याच हातून करावी. हें तुम्हीं केलें काय, कोणत्या गांवचें, एवढा प्रश्न विचारला कीं ज्याचा माल त्याचा चेहरा खुलतो, आणि नुसत्या दुकानदाराचें उत्तर तोकडें पडतें.

याचें महत्त्व दिसतें त्यापेक्षां मोठें आहे. मोटारीनें यावें, घोडे पाहावे, चित्रें टिपावीं, बंद पुड्यांतील खाऊ खावा आणि निघून जावें, असे पाहुणे वाढले तर जत्रेंत गर्दी राहील, पण डोंगरांतून चेस्टनटचें पोतें घेऊन येणारा पुढल्या वर्षीं येणार नाहीं. मग उरेल तो देखावा. राजाच्या सनदेनें जत्रा सुरू होऊं शकते. ती चालू ठेवणें मात्र गिर्‍हाइकाच्या हातीं असतें. तेव्हां पोर्तुगालास जाण्याचा योग येवो अथवा न येवो, आपल्या गांवच्या जत्रेंत किंवा आठवड्याच्या बाजारांत गेल्यावर हा प्रश्न तेथेंहि विचारून पाहावा: हें कोणीं पिकविलें, आणि याचा हंगाम कोणता? ज्या मालाचें उत्तर मिळेल, तो घ्यावा.